रत्नागिरीचे शिंजीर

शिंजीर हा फुलांतला मकरंद पिऊन राहणारा, माणसाच्या अंगठ्याहून थोडा मोठा पक्षी आहे. चोच बारीक आणि खाली वाकलेली, पाय काटकुळे, वजन पाच ते दहा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे जुन्या तोळ्याहूनही कमी. पुस्तकांत त्याला सूर्यपक्षी म्हणतात. खेड्यापाड्यांत फुलचुखी हे नाव चालते, पण त्या नावाखाली शिंजीर आणि त्याचा चुलतभाऊ फुलटोच्या असे दोघेही येतात. रत्नागिरीत परसातल्या जास्वंदीवर, केळफुलावर, शेवग्याच्या तुऱ्यावर तो बाराही महिने दिसतो. रोजचाच झाल्यामुळे त्याच्याकडे कोणी थांबून पाहत नाही, आणि ही खेदाची गोष्ट आहे. कारण सह्याद्रीतले जंगल आणि खाली समुद्रकाठचा आगर यांना जोडणारी जी थोडी प्राणिसृष्टी उरली आहे, तिच्यातला हा एक महत्त्वाचा दुवा आहे. कोकणातल्या कित्येक फुलांचे परागीभवन त्याच्या चोचीवर अवलंबून असते.

फुलाने साखर द्यायची आणि पक्ष्याने पराग वाहायचे, हा व्यवहार पृथ्वीवर एकदाच ठरला असे नाही. तो वेगवेगळ्या खंडांत, वेगवेगळ्या पक्षिकुळांशी, स्वतंत्रपणे ठरला. अमेरिकेत तो हमिंगबर्डशी झाला. त्यांच्या साडेतीनशेहून अधिक जाती आहेत. आफ्रिकेत आणि आशियात तो शिंजीरांशी झाला. त्यांच्या जाती दीडशेच्या जवळपास भरतात. ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी, न्यूझीलंड आणि पॅसिफिक महासागरातल्या अनेक बेटांवर तोच व्यवहार हनीईटर नावाच्या कुळाने सांभाळला. त्या कुळात सुमारे एकशे नव्वद जाती आहेत. हनीईटरच्या जिभेचे टोक रंगाऱ्याच्या कुंचल्यासारखे तंतुमय असते आणि मकरंद त्या तंतूंत शोषला जातो. शिंजीराची जीभ वेगळी. ती लांब असते, तिच्या कडा आत वळून नळी झालेली असते आणि टोक दुभंगलेले असते. काम एकच, पण हत्यारे वेगवेगळ्या घरांत घडलेली.

हे साम्य किती फसवे ठरू शकते, याचा धडा हवाई बेटांवरून मिळाला. तिथे ओओ नावाचे काळे-पिवळे मधुपायी पक्षी होते. चोच वाकडी, जीभ कुंचल्यासारखी, सवयी हनीईटरच्या, म्हणून जवळजवळ दोन शतके त्यांना हनीईटर कुळातच धरले गेले. २००८ साली संग्रहालयांतल्या जुन्या कातड्यांतून डीएनए काढून तपासले, तेव्हा त्यांचा हनीईटरशी काहीही संबंध नसून नाते भलत्याच कुळांशी निघाले. तोवर सांगायला एकही ओओ जिवंत उरला नव्हता. कौआई बेटावरल्या शेवटच्या ओओचा आवाज १९८७ साली ऐकू आला, त्यानंतर कधी नाही.

बेटावरच्या जंगलातला मधुपायी पक्षी एका छोट्या जागेला बांधलेला असतो. इंडोनेशिया आणि पॅसिफिकमधल्या मायझोमेला या हनीईटर वंशात जवळजवळ प्रत्येक द्वीपसमूहाची आपली जात आहे, आणि आजही नव्या जाती सापडतात. रोटे बेटावरच्या मायझोमेलाला २०१७ साली शास्त्रीय नाव मिळाले. भारतात मात्र एकही हनीईटर नाही. पूर्वेकडून येणारे हे कुळ बालीपाशी थांबते, आणि त्या बेटाच्या अलीकडचा सारा मुलूख शिंजीरांचा आहे. तरीही बेटाची ही गोष्ट रत्नागिरीला लागू पडते, कारण उत्तर सह्याद्री हे एका अर्थाने बेटच आहे. पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला दख्खनचे कोरडे पठार, उत्तरेला नर्मदेपलीकडचा रुक्ष प्रदेश, आणि मध्ये ओल्या जंगलाची एक अरुंद पट्टी. या पट्टीत जो शिंजीर अडकून राहिला, तो जगात दुसरीकडे कुठे नाही.

त्याचे नाव विगॉर्सचा शिंजीर. नराचा गळा आणि छाती गडद किरमिजी, त्यावर पिवळ्या बारीक रेघा, पोट करडे-काळे, माथा चकचकीत हिरवा, शेपटी लांबट. मादी सगळी मळकट हिरवी. पक्षिशास्त्रज्ञ सालिम अलींच्या पिढीच्या पुस्तकांत त्याला पिवळ्या पाठीचा म्हटले आहे. कमरेवरचा पिवळा पट्टा पंखांखाली झाकलेला असतो, आणि पक्षी उडाला की क्षणभर चमकतो. याचे सगळ्यात जवळचे नातेवाईक पाहायचे तर सुमात्रा, बोर्निओ, जावा, निकोबार अशा बेटांवरच्या आणि हिमालयाच्या पायथ्याच्या ओल्या रानांत जावे लागते. तिथे किरमिजी शिंजीर राहतो, आणि मधला सारा कोरडा भारत ओलांडून त्याचा हा भाऊ सह्याद्रीत एकटा उरला आहे. विसाव्या शतकात बराच काळ त्याला किरमिजी शिंजीराची नुसती उपजात मानत. आता तो स्वतंत्र जात मानला जातो, आणि ते योग्यच आहे. डांगपासून खाली गोव्याच्या डोंगरांपर्यंत आणि थोडा त्याच्याही दक्षिणेला त्याचा वावर आहे. रत्नागिरी जिल्हा या पट्टीच्या ऐन मध्यावर येतो.

या पक्ष्याची शास्त्राला ओळख झाली ती पुण्याच्या बाजूने. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा कंपनी सरकारचा अधिकारी १८२४ पासून दख्खनची सांख्यिकी पाहणी करत होता. पिके, जमीनधारा, लोकसंख्या यांच्या नोंदींबरोबर त्याने पक्षी, मासे, प्राणी यांचेही नमुने जमवले. इंग्लंडला परतल्यावर १८३२ साली त्याने दख्खनच्या पक्ष्यांची यादी लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेपुढे मांडली. तिच्यात या शिंजीराला त्याने संस्थेचा पहिला सचिव निकोलस विगॉर्स याचे नाव दिले. विगॉर्सने हा पक्षी रानात कधी पाहिला नव्हता. त्याच यादीत आणखी एक शिंजीर आहे. त्याचे लॅटिन नाव मिनिमा, म्हणजे सर्वांत लहान, आणि तोही पश्चिम घाटाबाहेर कुठे नाही. एकाच कागदावर सह्याद्रीचे दोन खास मधुपायी पक्षी शास्त्राच्या नोंदीत आले.

कोकणाच्या बाजूची नोंद व्हायला आणखी जवळजवळ पन्नास वर्षे लागली. जी. डब्ल्यू. विडाल हा मुलकी अधिकारी रत्नागिरीत होता. त्याने दक्षिण कोकणातल्या पक्ष्यांची पहिली यादी तयार केली आणि ती १८८० साली ए. ओ. ह्यूमच्या ‘स्ट्रे फेदर्स’ या पक्षिशास्त्राच्या नियतकालिकात छापून आली. त्या वेळचा रत्नागिरी जिल्हा उत्तरेला बाणकोटच्या खाडीपासून दक्षिणेला गोव्याच्या दिशेने पसरलेला होता. सिंधुदुर्ग त्यातून १९८१ साली वेगळा झाला. त्यामुळे विडालची यादी आजच्या दोन जिल्ह्यांची आहे. शंभराच्या आसपास पाने भरलेली ही यादी आजही रत्नागिरीतल्या पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्याला पहिल्यांदा उघडावी लागते. ती मराठीत आलेली नाही, हे नोंदवावेसे वाटते.

रत्नागिरीत नेहमी भेटणारे शिंजीर पाच. घराजवळचा खरा रहिवासी पंचरंगी शिंजीर. नराची पाठ तांबूस-किरमिजी, माथा हिरवा, गळा आणि कंबर जांभळी, पोट पिवळे. जोडी वर्षभर एकत्र असते, आणि नराचा रंग ऋतूनुसार उतरत नाही. जांभळा शिंजीर थोडा मोठा, उन्हात निळा-जांभळा झळकणारा, सावलीत पार काळा. विणीचा हंगाम सरला की याच्या नराचे तेज जाते, अंग मादीसारखे फिके पिवळट होते आणि गळ्यापासून पोटापर्यंत एक काळी रेघ तेवढी उरते. कित्येकांना हा वेगळाच पक्षी वाटतो. लोटेनचा शिंजीर त्याच्यासारखाच, पण चोच बरीच लांब आणि अधिक वाकलेली, पोट तपकिरी. हे नाव सिलोनच्या डच गव्हर्नराचे आहे. चौथा साइक्सचा मिनिमा, म्हणजे किरमिजी पाठीचा शिंजीर. हा जेमतेम आठ सेंटिमीटर. याची मादी ओळखायला सोपी, कारण तिच्या कमरेवर लाल डाग असतो. डोंगर उतरून तो देवराईत आणि बागांत येतो, आणि ऋतूप्रमाणे घाटाच्या वर-खाली जागा बदलतो. पाचवा विगॉर्सचा. तो घरापाशी सहसा येत नाही. संगमेश्वर, चिपळूण, खेडच्या घाटपायथ्याच्या रानांत, ओढ्याकाठी, जुन्या देवरायांत त्याला शोधावे लागते.

शिंजीर आणि हमिंगबर्ड यांच्यात एक मोठा फरक आहे. हमिंगबर्ड हवेत एका जागी तरंगून फुलात चोच घालतो. शिंजीरालाही काही क्षण तरंगता येते, पण तो बहुतेक वेळी बसून पितो. त्यामुळे जुन्या जगातल्या पक्षिफुलांची ठेवण वेगळी झाली आहे. त्यांच्या शेजारी बसायला दांडा, फांदी किंवा घट्ट तुरा असतो. पांगाऱ्याचा तुरा पाहिला तर हे लगेच कळते. देठ जाड, फुले बाहेर वळलेली, पक्षी देठावर बसून वळतो आणि प्रत्येक फुलात चोच घालतो. पक्ष्यांसाठी बनलेल्या फुलांना वास नसतो किंवा नसल्यासारखा असतो, कारण या पक्ष्यांना वासाने फूल शोधायचे नसते. रंग बहुधा लाल किंवा नारिंगी असतो. तो पक्ष्याला लांबून दिसतो आणि मधमाशीच्या डोळ्याला लाल रंग नीटसा कळत नाही. पाकळ्या जाड, मकरंद पातळ आणि भरपूर. पातळ असण्याचे कारण सरळ आहे. इतक्या बारीक नळीने दाट पाक ओढता येत नाही.

मकरंदातल्या साखरेतही निवड असते. अमेरिकेतले पांगारे हमिंगबर्डना उसाच्या साखरेसारखी सुक्रोज देतात. चिमण्या-मैनांच्या गणातल्या पक्ष्यांकडून परागीभवन होणाऱ्या पांगाऱ्यांत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज जास्त असते. याचे एक कारण मैनांच्या पोटात आहे. त्या कुळाला सुक्रोज फोडणारे विकरच नसते. सुक्रोज त्यांना पचत नाही, उलट त्याचा त्रास होतो. माघ-फाल्गुनात काटेसावर आणि पांगारा फुलला की साळुंक्या, भोरड्या, बुलबुल, कोतवाल आणि शिंजीर सगळे एकाच झाडावर गर्दी करतात, ती उगीच नव्हे. झाडाने तसा बेतच केलेला असतो. मोठ्या पक्ष्यांना ओंजळीएवढे फूल चालते. शिंजीर मात्र त्याहून अरुंद नळीतही पोहोचतो, आणि जिथे चोच पुरत नाही तिथे फुलाच्या बुडाशी भोक पाडून मकरंद काढतो. जास्वंदीच्या फुलांच्या बुडाशी अशी भोके पुष्कळदा दिसतात. या चोरीत पराग लागत नाही, म्हणजे फुलाला काही मिळत नाही.

शिंजीराचे वर्ष फुलांच्या हंगामानुसार चालते. पाऊस सुरू झाला की रानातली मोठी फुले संपतात. त्या दिवसांत मुरुडशेंगेची झुडपे कामी येतात. तिला केवण असेही म्हणतात, आणि तिच्या पिळदार शेंगा कोकणात तान्ह्या मुलांच्या पोटदुखीसाठी उगाळून देतात. तिचे फूल पहिल्यांदा विटकरी लाल असते, मग शिशासारखे निळसर होते. लाल फुलात मकरंद असतो, निळे झालेले फूल रिकामे असते, आणि पक्ष्याला हा फरक कळतो. याच दिवसांत परसबागेची किंमत वाढते. जास्वंद, केळफूल, कर्दळ, माडाची पोय यांवर शिंजीर टिकून राहतात. आश्विन सरला की बांडगूळ फुलू लागते, पुढे धायटी, मग सावर, पांगारा, पळस. शिमग्यापर्यंत रानात मकरंदाची ददात नसते. वैशाखात पुन्हा ओढ सुरू होते.

या साऱ्या फुलांत बांडगुळाची गोष्ट सगळ्यात गुंतागुंतीची आहे, आणि रत्नागिरीच्या आंबा बागायतदाराशी तिचा थेट संबंध आहे. बांडगूळ हे अर्धे परोपजीवी झुडूप. पाने हिरवी, म्हणजे अन्न स्वतः तयार करते, पण पाणी आणि क्षार यजमान झाडाच्या फांदीत शोषक मुळे घुसवून घेते. कोकणातले नेहमीचे बांडगूळ शास्त्राने शेकडो जातींच्या झाडांवर नोंदले आहे. हापूसची कलमे त्याच्या आवडीची. ते वाढले की त्याच्या पुढची फांदी सुकत जाते आणि मोहर धरत नाही. त्याची फुले लांबट नळीसारखी, वाकलेली, नारिंगी-लाल छटेची. ही फुले पक्ष्यांसाठीच आहेत, हे त्यांच्याकडे एकदा नीट पाहिले की पटते.

बांडगुळांच्या या कुळात बऱ्याच जातींची कळी पिकली तरी आपोआप उघडत नाही. पक्ष्याने चोचीने तिला दाबावे किंवा टोचावे लागते. दाब बसला की पाकळ्या फटकन मागे वळतात, पराग पक्ष्याच्या डोक्यावर-चोचीवर उडतो आणि आतला मकरंद मोकळा होतो. म्हणजे फूल बंद कुलूप आणि चोच किल्ली. निलगिरीत प्रिया दाविदार यांनी १९८० च्या दशकात या संबंधांचा बारकाईने अभ्यास केला. काही बांडगुळे शिंजीरांच्या भरवशावर आहेत, काही फुलटोच्यांच्या. फुलटोच्यांवर विसंबणाऱ्या बांडगुळांच्या पिकलेल्या कळ्या त्यांच्याच फळांसारख्या दिसतात, आणि फळे खायला आलेला पक्षी कळ्याही उघडतो, असे त्यांना आढळले. याचे जुळे उदाहरण हजारो मैलांवर न्यूझीलंडमध्ये मिळाले. तिथल्या पेराक्सिला वंशातल्या बांडगुळाच्या कळ्या तुई आणि बेलबर्ड हे हनीईटर टोक पिळून उघडतात. १९९५ साली ही गोष्ट प्रसिद्ध झाली, तेव्हा अशा फटाकडी कळ्यांकडे साऱ्या जगाचे लक्ष गेले. दोन्हीकडच्या पक्ष्यांची कुळे वेगळी आणि मधल्या महासागराचे अंतर प्रचंड, तरी कळी उघडण्याची रीत तीच.

फुलानंतर फळ. इथे शिंजीर मागे राहतो आणि फुलटोच्या पुढे येतो. टिकेलचा फुलटोच्या हा भारतातल्या सर्वांत चिमुकल्या पक्ष्यांपैकी एक, आठ सेंटिमीटरचा, करडा, आवाज मात्र अंगाच्या मानाने तीव्र. तो बांडगुळाचे फळ अख्खे गिळतो. बीभोवती चिकट गर असतो, त्यामुळे ती पोटातून काही मिनिटांत बाहेर पडली तरी सहज सुटत नाही. पक्षी फांदीवर आडवा होऊन अंग घासतो, तेव्हा कुठे बी सुटते आणि सालीला चिकटते. जाड चोचीचा फुलटोच्या गर खातो आणि चोचीला लागलेली बी फांदीवर पुसतो. दोन्ही रीतींत परिणाम एकच, बी नेमकी फांदीवर रुजते. बांडगुळाच्या बीला रुजायला माती लागत नाही आणि यजमानही लागत नाही, म्हणून कधीकधी विजेच्या तारेवर चिकटलेली बी कोंब काढते आणि मग सुकून जाते.

कोकणातली ही साखळी शास्त्रीय भाषेत मांडली ती सालिम अलींनी. १९३० च्या पावसाळ्यात ते अलिबागजवळच्या किहीमला सुगरणीच्या विणीचा अभ्यास करत होते, आणि तो त्यांच्या कीर्तीचा पाया ठरला. १९३१ साली मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा आणखी एक छोटा लेख आला. कोकणात बांडगुळाच्या प्रसारात शिंजीर आणि फुलटोच्या यांचा वाटा काय, हा त्याचा विषय. पुढच्याच वर्षी भारतातली पक्षिफुले आणि पुष्पपक्षी यांवर त्यांनी सविस्तर निबंध लिहिला. सुगरणीच्या अभ्यासाची आठवण सगळे काढतात. बांडगुळाच्या लेखाची आठवण मात्र कोकणातही फारशी कोणाला नाही, आणि हे कोकणाचेच नुकसान आहे. हापूसच्या बागेत घडणाऱ्या एका रोजच्या घटनेचे नेमके वर्णन त्यात आहे.

बागायतदाराचा सल्ला यातूनच निघतो. बांडगूळ नुसते उपटून किंवा कोयतीने वरवर छाटून भागत नाही, कारण फांदीच्या आत शिरलेला भाग पुन्हा फुटतो. ज्या जागी ते रुजले त्याच्या खालून फांदी कापावी लागते, आणि हे काम फळ पिकण्याआधी उरकावे लागते. एकदा फळ पिकले की फुलटोच्या त्याच्या बिया शेजारच्या दहा कलमांवर पोहोचवतो. बागेत हे करणे गरजेचे आहे, त्याबद्दल दुमत नाही. प्रश्न येतो तो बागेबाहेरच्या डोंगराचा. रायवळ आंब्यांवर, जंगलातल्या किंजळ-ऐनावर बांडगूळ दिसले की तेही तोडायला लागणारे लोक आहेत. ऑस्ट्रेलियात डेव्हिड वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्याने रानातले बांडगूळ काढले तर काय होते, याचा प्रयोग केला. काही रानांच्या तुकड्यांतून सगळी बांडगुळे काढून टाकली, काहींत तशीच ठेवली. तीन वर्षांत बांडगूळमुक्त तुकड्यांतल्या पक्षिजाती एक पंचमांशाहून जास्त कमी झाल्या. ही घट फळे आणि मकरंद गेल्यामुळेच झाली, असे नव्हे. बांडगुळाची झडणारी पाने सत्त्वाने समृद्ध असतात, त्या पाचोळ्यात किडे-मुंग्या वाढतात, आणि जमिनीवर चरणारे पक्षी त्यांवर जगतात, असे कारण पुढे आले. २०१२ साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग कोकणातला नाही, झाडे निराळी, पक्षी निराळे. तरी कलमावरचे बांडगूळ काढणे आणि डोंगरातले बांडगूळ काढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे त्यावरून खात्रीने म्हणता येते.

रत्नागिरीतला डोंगर बहुतांशी खासगी मालकीचा आहे. सरकारी जंगल फारच थोडे. वरकस जमिनीवरची झाडे ठरावीक वर्षांनी जळाऊ लाकडासाठी तोडली जातात, उरलेल्या जागी काजू आणि कलमे लागतात. या उलाढालीत पांगारा आणि सावर यांना कोणी वाली नसतो. त्यांच्या लाकडाला भाव नाही, म्हणून ते मुद्दाम लावले जात नाहीत आणि वाचवलेही जात नाहीत. पूर्वी पांगारा कुंपणाला आणि मिरीच्या वेलाला आधार म्हणून आगरात लावत. तारेचे कुंपण आले तसा तो कमी झाला. विगॉर्सचा शिंजीर टिकून आहे तो मुख्यतः देवरायांमुळे, घाटाच्या चढणीमुळे आणि वरच्या राखीव जंगलामुळे. कोयना आणि चांदोलीची जंगले एकत्र करून २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, तेव्हा त्याची पश्चिमेची कड रत्नागिरी जिल्ह्याला लागली. व्याघ्र प्रकल्प वाघासाठी असतो, पण त्याच्या सावलीत हा पाच-सात ग्रॅमचा पक्षीही राखला जातो.

फुलांवर जगणारा असला तरी शिंजीर निव्वळ मकरंदावर जगत नाही. मकरंदात साखर आहे, प्रथिने नाहीत. अंडी घालायला आणि पिले वाढवायला कीटक आणि कोळी लागतात. म्हणून शिंजीर फुलाभोवतीचे किडे टिपतो, जाळ्यातले कोळी उचलतो, आणि पिलांच्या चोचीत मुख्यतः तेच भरवतो. पौषापासून मोहरावर फवारण्या सुरू होतात. तुडतुडे आणि फुलकिडे यांच्यासाठी त्या अनेकदा कराव्या लागतात. त्या बागेत शिंजीराला पिलांचा घास मिळणे तितकेच अवघड होते. बागेच्या कडेला ज्याने चार झाडे रानाची ठेवली आहेत, जास्वंदीचे आणि धायटीचे कुंपण राखले आहे, तिथे शिंजीर जास्त दिसतात, यात नवल नाही.

कोळ्याचे जाळे घरट्यालाही लागते. शिंजीराचे घरटे लांबट पिशवीसारखे, फांदीच्या टोकाला लोंबणारे. गवताच्या काड्या, तंतू, सालीचे तुकडे, सुकी पाने हे सारे कोळ्याच्या धाग्याने शिवलेले असते. बाहेरून सुरवंटांची विष्ठा, लाकडाचा भुसा आणि दगडफूल चिकटवलेले असते, त्यामुळे ते घरटे न वाटता वाऱ्याने अडकलेला कचरा वाटतो. दार बाजूला, त्यावर छोटीशी पडवी, म्हणजे पाऊस आत शिरत नाही. आत कापसासारखे मऊ अस्तर असते. बांधणी मादीची, नर नुसता सोबत हिंडतो आणि गातो. अंडी बहुधा दोन, उबवायला पंधरा दिवसांच्या आसपास लागतात, आणि तेही काम बहुधा मादीचेच. पिले बाहेर आल्यावर मात्र नर घास आणायला लागतो.

पंचरंगी शिंजीर हे घरटे माणसाच्या घराला अगदी लागून बांधतो. पडवीतल्या विजेच्या तारेला, कपडे वाळत घालायच्या दोरीला, ओटीवरच्या दिव्याच्या लोंबत्या वायरीला. माणसांची ये-जा असली की कावळा आणि साप लांब राहतात. विणीच्या काळात नर आपल्या परिसरात दुसऱ्या नराला थारा देत नाही. खिडकीच्या काचेत किंवा दारातल्या स्कूटरच्या आरशात आपलेच प्रतिबिंब दिसले, तरी तो तासन्‌तास त्याच्यावर चोच मारत राहतो. आरशावर फडके टाकले की तो झगडा थांबतो, आणि वाचलेला वेळ पिलांना मिळतो. घरातल्यांनी एवढे केले आणि वायरीवरचे घरटे हलवले नाही, तर तिसऱ्या आठवड्यात पिले उडून जातात. रिकामे घरटे पहिल्या पावसापर्यंत तारेला लोंबत राहते.